चाल हरवण्याआधी मोबाईलचं बटण दाबा

एप्रिल जवळ आला की कुडव्यात संध्याकाळी पेटीचे सूर ऐकू येतात. भीमजयंतीची नवी गाणी बसत असतात. मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका गायक मित्राला उन्हाळी धानाला पाणी देताना चाल सुचली. घरी येऊन पेटी काढेपर्यंत अंतऱ्याची अर्धी चाल गेली, ती गेलीच. शब्द खिशातल्या कागदावर होते. मोबाईलही खिशातच होता. पण रेकॉर्डिंग म्हणजे स्टुडिओ, ही समजूत डोक्यात पक्की.

ही समजूत आपल्याला महाग पडते. महाकवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो गीतं लिहिली, गावोगावी जाऊन गायली. त्यांची गीतं आज पुस्तकांत वाचता येतात, पण छापील पानावर चाल नसते. ज्या गीताची चाल कुणाच्या गळ्यात किंवा टेपवर राहिली ते गायलं जातं, बाकीचं कविता म्हणून उरतं.

कॅसेटच्या काळात प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत पोहोचला. पण कॅसेट काढायची तर कंपनीला खपाची खात्री हवी, आणि स्टुडिओचं भाडं तासावर. तासाचे पैसे मोजणारा माणूस चुकायला घाबरतो. चाल मात्र चुकत चुकतच सापडते, पेटी घेऊन बसणाऱ्या कुणालाही विचारा. आमच्या मित्रानंही एकदा एका स्टुडिओत पैसे भरले होते. दोन तास संपले तेव्हा फक्त मुखडा झाला होता.

१९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक भरणारं 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र आलं. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी त्यावर घरीच काही गाणी कच्ची भरून ठेवली. नंतर तीच गाणी बँडसोबत स्टुडिओत केली, पण कच्च्या टेपमधली जान त्यात येईना. शेवटी १९८२ मध्ये ती घरची टेपच 'नेब्रास्का' नावानं बाजारात आली. त्या यंत्राचं काम आज साधा मोबाईल करतो.

चाल सुचली की आधी फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा. शब्द नसतील तर गुणगुणा. ॲप शोधण्यात, सेटिंग बदलण्यात मन गाण्यातून बाहेर येतं, म्हणून ते बटण पहिल्याच स्क्रीनवर ठेवा. एका गाण्याचे दहा तुकडे झाले तरी खोडू नका. टाकाऊ वाटलेला तुकडा पुढं दुसऱ्याच गाण्याच्या अंतऱ्याला बसतो.

मग थर चढवायचे. मोबाईलवर बँडलॅब, कॉम्प्युटर असेल तर ऑडॅसिटी, दोन्ही मोफत मिळतात. आधी पेटी आणि ढोलकी भरायची, ती कानात ऐकत मग आवाज. इअरफोन वायरचाच हवा. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, गाणारा तालाच्या मागं पडतो आणि दोष त्याच्या गळ्यावर जातो. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरा, नाहीतर 'भीम' म्हणताना 'भ'चा फटका बसतो. फोन फ्लाइट मोडवर, खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतींवर गोधड्या टांगायच्या, पंखा बंद. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखा बंद करा म्हणणं सोपं आहे! पहाटेची वेळ बरी.

यानं स्टुडिओची गरज संपत नाही. पण तिथं चाल पक्की करून गेलं तर दोन तास पुरतात. आणि कधी स्टुडिओ लागतही नाही. कडुबाई खरात यांचं एकतारीवरचं गाणं मोबाईलच्या व्हिडिओतूनच महाराष्ट्रभर पोहोचलं.

एक मुद्दा हक्काचा. आपले कवी-शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात, वामनदादांच्या गीतांत 'वामन' येतो तसा. मंचावर वेळ कमी म्हणून ते कडवं गाळलं की कवीचं नावही गेलं. कायद्यानं रचनेचा हक्क रचणाऱ्याचा असतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि कवीच्या मृत्यूनंतरही तो ६० वर्षं टिकतो. अडचण येते पुराव्याची. म्हणून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख बोलायची आणि फाईल न खोडता ठेवायची. फोन पाण्यात पडतो, हरवतो, लहान मुलं त्यातलं सगळं पुसतात. दर महिन्याला एक प्रत पेनड्राइव्हवर काढून घरी ठेवा, दुसरी विहाराच्या कपाटात.