मोबाईलवरून समुपदेशन सुरू करताय? पैसे भरण्याआधी काय विचारायचं आणि पहिल्या सेशनमध्ये काय होतं, ते वाचा

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. जेवण जात नाही, उगाच चिडचिड होते, शेतात गेलं तरी हात चालत नाहीत. असं महिना-महिना चालतं आणि घरात सांगायचं कसं हेच कळत नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात जावं तर कोणी ओळखीचं भेटेल आणि गावभर होईल, ही धास्ती. त्यामुळे पुण्या-मुंबईचे किंवा नाशिक-नागपूरचे खासगी तज्ज्ञ मोबाईलवर बोलतात म्हटल्यावर खेड्यातली तरुण मंडळीही तिकडे वळू लागली आहेत.

मात्र हे नेमकं कसं चालतं याची माहिती नसते. काहीजण फी ऐकूनच मागे फिरतात. काहीजण एकदा बोलतात आणि "नुसत्या गप्पा झाल्या, पैसे गेले" म्हणून सोडून देतात. काहींना भलताच माणूस भेटतो. खरं तर पहिलं सेशन बहुतेक वेळा ओळखीचं आणि तपासणीचंच असतं. जमिनीत काय कमी आहे हे कळण्याआधी कोणी शहाणा माणूस खत सांगत नाही, तसंच हे आहे. म्हणून सुरुवात करण्याआधी पुढच्या गोष्टी माहीत असाव्यात.

समोर कोण आहे, ते आधी ओळखा

या क्षेत्रात तीन प्रकारचे लोक काम करतात आणि तिघांचं काम वेगळं आहे.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात शिकलेले डॉक्टर असतात. मनाच्या आजारावर गोळ्या लिहून देणं हे यांचं काम.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. हे बोलण्यातून उपचार करतात, चाचण्या घेतात. गोळ्या देत नाहीत. यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते.

समुपदेशक म्हणजे काउन्सेलर. यात मानसशास्त्रात एम. ए. केलेले, एमएसडब्ल्यू केलेले अनुभवी लोक आहेत. घरातले ताण, नवरा-बायकोची भांडणं, परीक्षेची भीती, कर्जाची काळजी यात त्यांची चांगली मदत होते. पण चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून स्वतःच्या नावापुढे "काउन्सेलर" किंवा "माइंड कोच" लावणारेही आहेत. फसगत होते ती इथेच.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर हे सरळ विचारता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही. चांगला तज्ज्ञ राग न मानता उत्तर देतो.

- तुमचं शिक्षण काय? नोंदणी क्रमांक आहे का? (डॉक्टर असेल तर मेडिकल कौन्सिलचा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा.)
- सेशन मराठीत होईल का? दुःख सांगताना मराठीतून हिंदीत तर्जुमा करत बसावं लागलं, तर निम्मं मनातच राहतं.
- एक सेशन किती मिनिटांचं आणि फी किती?
- ऐन वेळी जमलं नाही किंवा रेंज गेली, तर पैशाचं काय?
- माझ्यासारख्या त्रासावर याआधी काम केलं आहे का?
- दोन सेशनच्या मध्ये जास्त त्रास झाला, तर कोणाला फोन करायचा?

"शंभर टक्के बरं करतो", "सात दिवसांत डिप्रेशन घालवतो" असं कोणी म्हणालं, पहिल्याच बोलण्यात पंधरा-वीस हजारांचं पॅकेज गळ्यात मारू लागलं, किंवा डॉक्टरच्या चालू गोळ्या लगेच बंद करा म्हणालं, तर तिथेच थांबावं. "पैसे परत पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका" असा निरोप आला, तर ती सरळ फसवणूक आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

खर्चाचा अंदाज

खासगीत एका सेशनची फी साधारण ५०० रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत असते. शहर, शिक्षण आणि अनुभव यावर ती ठरते. सेशन बहुतेक ठिकाणी ४५ ते ५० मिनिटांचं असतं आणि सुरुवातीला आठवड्यातून एकदा होतं. म्हणजे हजार रुपये फी धरली, तर दोन महिन्यांच्या आठ सेशनचे आठ हजार होतात. हा हिशोब आधीच करावा. मध्येच पैसे संपले म्हणून अर्धवट सोडण्यापेक्षा पहिल्याच दिवशी सांगावं, "माझ्याकडून महिन्याला एवढेच होतील." काही तज्ज्ञ फी कमी करतात, काही पंधरा दिवसांनी सेशन ठेवतात. एकदम दहा सेशनचे पैसे भरू नयेत. पटतंय की नाही हे बघून एकेका सेशनचे द्यावेत.

जागा, रेंज आणि घरातले कान

खेड्यात सगळ्यात मोठी अडचण हीच. दोन खोल्यांच्या घरात पाऊण तास एकट्याने बोलायला जागा मिळत नाही. काहीजण शेतातल्या शेडमध्ये बसतात, काही मळ्यात झाडाखाली, काही गाडी रस्त्याच्या कडेला लावून आत बसतात. जिथं रेंज येते आणि कोणी अचानक येणार नाही, अशी जागा एक दिवस आधी बघून ठेवावी. गाडी चालवत मात्र बोलू नये.

ईअरफोन वापरावा, म्हणजे समोरच्याचं बोलणं बाहेर जात नाही. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. दिवसाचा दीड जीबीचा पॅक असेल, तर त्या दिवशी सकाळी रील बघण्यात तो संपवू नये. रेंज कमी असेल तर नुसता आवाजाचा कॉल मागावा, तेवढ्यावरही काम होतं. भारनियमनाची वेळ बघून सेशन घ्यावं, मोबाईल चार्ज करून ठेवावा.

मोबाईल घरात एकच असेल, तर मेसेज स्क्रीनवर वाचता येणार नाहीत अशी सेटिंग करावी. मेसेज कोणत्या वेळी पाठवायचे, हेही तज्ज्ञाला सांगून ठेवावं. बायाबापड्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. घरात मारहाण होत असेल आणि मोबाईल तपासला जात असेल, तर पहिल्याच फोनवर तसं सांगावं. अशा वेळी १८१ या महिला हेल्पलाइनचाही आधार घेता येतो.

पहिल्या सेशनमध्ये काय होतं?

आधी एक फॉर्म येतो. नाव, वय, पत्ता, चालू गोळ्या, बीपी-शुगर असे आजार आणि घरातल्या एका जवळच्या माणसाचा फोन नंबर. हा नंबर बघून अनेकजण दचकतात, "म्हणजे हे घरी सांगणार की काय?" तसं नसतं. तज्ज्ञ शंभर कोसांवर बसलेला असतो. जिवावर बेतलं तर कोणाला कळवायचं, एवढ्यासाठीच तो नंबर असतो. काहीजण सेशनच्या सुरुवातीला "आत्ता तुम्ही कुठे बसला आहात?" असंही विचारतात, त्याचंही कारण तेच. सोबत संमतीपत्र असतं. ते वाचून मगच हो म्हणावं. कळलं नाही तर मराठीत समजावून मागावं.

मग प्रश्न सुरू होतात. त्रास कधीपासून आहे, झोप कशी, भूक कशी, कामात लक्ष लागतं का, दारू-तंबाखू किती, कर्ज किती, घरात कोण कोण आहे, याआधी कोणाला असा त्रास होता का. काहीजण नऊ प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, हे त्यात विचारलेलं असतं. ती परीक्षा नव्हे, त्यात पास-नापास नसतं. खरं असेल तेच सांगावं.

एक प्रश्न हमखास येतो : "जीव द्यावासा वाटतो का?" हा प्रश्न सगळ्यांना विचारतात. विचारल्याने तसे विचार डोक्यात येत नाहीत, उलट मनात कोंडलेलं बाहेर पडायला वाट मिळते. येत असतील तर हो म्हणावं. पोलिसांची भीती बाळगू नये. विचार मनात येणं हा गुन्हा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम ११५ तर असं सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरावं आणि त्याला शिक्षा करू नये.

पहिल्या दिवशी सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही. "याबद्दल आत्ता नको" म्हणता येतं. रडू आलं तरी चालतं, समोरच्याला त्याची सवय असते. सेशननंतर कधी कधी डोकं जड वाटतं, जुनं दुःख वर आल्यासारखं होतं. म्हणून लगेच बाजाराला किंवा फवारणीला जाण्याची घाई नको, थोडा वेळ मोकळा ठेवावा.

पुढच्या सेशनमध्ये

दुसऱ्या-तिसऱ्या सेशनपर्यंत तज्ज्ञ सांगतो, की त्रास कशाचा वाटतो आणि कोणत्या वाटेने जायचं. नाही सांगितलं तर विचारावं. पुढे घरी करायचं काम मिळतं. कोणते विचार कधी येतात ते वहीत लिहिणं, झोपेची वेळ ठरवणं, टाळलेलं एक छोटं काम रोज करणं, असं ते असतं. हे केलं नाही तर नुसत्या बोलण्याचा उपयोग कमी होतो.

तीन-चार सेशननंतर स्वतःलाच विचारावं : हा माणूस माझं ऐकून घेतो का? कमीपणा न दाखवता बोलतो का? झोपेत, कामात थोडा तरी फरक आहे का? उत्तर नाही असेल, तर तज्ज्ञ बदलता येतो. एकाशी सूर जुळला नाही म्हणजे सगळंच खोटं, असं नसतं.

त्रास जास्त असेल तर सायकॉलॉजिस्ट गोळ्यांसाठी डॉक्टरकडे पाठवतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. मानसोपचारतज्ज्ञ ऑनलाइन तपासून चिठ्ठी देऊ शकतात, पण झोपेच्या आणि गुंगीच्या काही गोळ्या ऑनलाइन लिहून देण्यावर बंधनं आहेत. डॉक्टर "प्रत्यक्ष या" म्हणाले तर टाळाटाळ करतात असं समजू नये.

बोललेलं बाहेर जातं का?

उपचाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे, तो याच २०१७ च्या कायद्यात कलम २३ मध्ये दिला आहे. भाऊ, नवरा, सासू कोणीही फोन करून विचारलं तरी तज्ज्ञाने सांगायचं नसतं. अपवाद मोजके आहेत : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने मागितलं असेल, किंवा उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला सांगणं गरजेचं असेल. परवानगीशिवाय सेशनचं रेकॉर्डिंग कोणीही करू नये, तज्ज्ञानेही नाही आणि आपणही नाही. मुलगा-मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल, तर पालकांची संमती लागते.

इथे मोबाईलवर अवलंबून राहू नका

- जीव देण्याचा विचार पक्का होत चालला असेल, तशी तयारी केली असेल.
- कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील, सगळे आपल्या वाईटावर आहेत असा संशय असेल, किंवा दिवसेंदिवस न झोपता माणूस भलताच उत्साहात असेल.
- रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम सोडली आणि हातपाय थरथरू लागले, झटका आला किंवा भास होऊ लागले. यात जीव जाऊ शकतो.

अशा वेळी पुढच्या सेशनची वाट बघू नये. १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठावा. माणसाला एकटं सोडू नये. घरात कोणी खचलेलं असेल तर फवारणीची औषधं घरात हाताशी ठेवू नयेत. ती कुलपात ठेवावीत आणि चावी दुसऱ्याकडे द्यावी. तो टोकाचा क्षण अनेकदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात औषध हाताला लागलं नाही, तर माणूस वाचतो.

खासगी फी परवडत नसेल तर

केंद्र सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. खासगी सेशन लावायचं की नाही हे ठरत नसेल, तरी आधी इथे बोलून बघता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं तपासणी मोफत होते. गोळ्या तिथून आणि बोलण्याचा उपचार खासगीत ऑनलाइन, असं दोन्ही मिळून केलं तरी चालतं. फक्त दोघांनाही एकमेकांबद्दल माहिती द्यावी. कुठं जायचं हे समजत नसेल, तर गावातल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं.

मोबाईलमध्ये १४४१६ हा नंबर आजच सेव्ह करून ठेवा. आणि घरात कोणी रात्र-रात्र जागत असेल, गप्प गप्प राहत असेल, तर "काय रे, काय होतंय?" एवढं विचारून त्याच्याजवळ जरा वेळ बसा.