लोह दिसत नाही, म्हणून...

बाजरीचा भाव दाण्यावरून ठरतो. त्यात लोह किती, हे आडत्या विचारत नाही. मग पौष्टिक वाण का पेरावे?

‘धनशक्ती’ बाजरीचेच पाहा. इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘आयसीटीपी ८२०३’ या जुन्या वाणातून निवड करून ती तयार केली. बाजरीच्या नव्या वाणांत किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह असावे, असा दंडक २०१८ मध्ये ठरला. धनशक्तीत ते सुमारे ७१ मिलिग्रॅम आहे. महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना लोहयुक्त बाजरीची भाकरी दिली, तेव्हा चार महिन्यांत त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा वाढला, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

हे वाण संकरित नाही; बियाणे घरचे राखता येते. मात्र बाजरीत परपरागीभवन होते. शेजारच्या शेतात दुसरी बाजरी असेल, तर बियाण्यासाठी आपल्या शेताच्या मधली कणसे निवडावीत.

बाजारात लोहाला वेगळा भाव मिळत नाही, तोवर निदान घरच्या भाकरीपुरते तरी हे वाण पेरावे. त्याचा पहिला लाभ आपल्याच लेकरांना होईल.