पायथन इंटरप्रिटरची वापरसुलभता (लिनक्स)

लिनक्सवरील पायथन इंटरप्रिटरची वापरसुलभता म्हणजे टर्मिनलमध्ये पायथन ही संगणकभाषा ओळीओळीने चालवताना मिळणारी सोय. त्रुटीसंदेशांची स्पष्टता, आधी लिहिलेल्या ओळी परत मिळणे आणि रोमनेतर लिपींचा स्वीकार या बाबी तीत येतात. पायथन मुक्तस्रोत असल्याने सुधारणेची मागणी कोणीही करू शकतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात पायथनचा समावेश आहे. त्यामुळे बारामती, इंदापूर या तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही.

मागण्यांतून झालेले बदल

उसाचे वजन आणि दर यांचा गुणाकार करणाऱ्या ओळीत शेवटचा कंस राहून गेला, तर जुना इंटरप्रिटर बहुधा त्याच्या पुढच्या, निर्दोष ओळीकडे बोट दाखवीत असे. नवशिका त्या ओळीतच चूक शोधत बसे. ऑक्टोबर २०२१ मधील ३.१० या आवृत्तीपासून कोणता कंस उघडा राहिला हे थेट सांगितले जाते. ३.११ मध्ये ओळीच्या नेमक्या सदोष भागाखाली खूण येऊ लागली.

बाहेर पडण्यासाठी नुसते ‘एक्झिट’ लिहिल्यास, कंसांसह लिहावे, अशी सूचना इंटरप्रिटर अनेक वर्षे देत राहिला. वापरकर्त्याला काय हवे आहे हे कळूनही ते न करण्याचा हा प्रकार ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत संपला. त्याच आवृत्तीत अनेक ओळींचे एकत्र संपादन आणि रंगीत संदेश आले. त्यासाठी पायपाय या प्रकल्पाच्या संहितेचा आधार घेऊन पाब्लो गालिन्दो साल्गादो, लुकाश लांगा आणि लिसांड्रोस निकोलाऊ यांनी काम केले.

देवनागरीचा प्रश्न

पीईपी ३१३१ या प्रस्तावानुसार २००८ च्या ३.० आवृत्तीपासून चलांना देवनागरी नावे देता येतात. ‘ऊस_टन’ हे नाव चालते. त्यापुढचा आकडा मात्र देवनागरीत लिहिल्यास त्रुटी येते. गंमत अशी की, तोच देवनागरी आकडा अवतरणात घालून ‘इंट’ या फलनाला दिला, तर त्याचे पूर्णांकात रूपांतर होते.

मराठीची खास अडचण अर्ध्या ‘र’ची आहे. ‘वाऱ्याचा’ हा शब्द ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून टंकित केल्यास चलाचे नाव म्हणून स्वीकारला जातो. साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरल्यास तो नाकारला जातो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. अशा वेळी डोळ्यांवर विसंबून उपयोग नाही. त्रुटीसंदेशात येणारा अदृश्य चिन्हाचा युनिकोड क्रमांक पाहावा लागतो.

लिनक्सची भाषाव्यवस्था निश्चित केलेली नसेल तर पूर्वी मराठी मजकूर छापतानाच कार्यक्रम बंद पडत असे. २०१८ च्या ३.७ आवृत्तीत अशा स्थितीत यूटीएफ-८ गृहीत धरण्याची व्यवस्था झाली.

मागणी कोणाकडे करावी

येथे पुष्कळांची गफलत होते. टर्मिनलमध्ये मात्रा तुटक दिसत असतील तर दोष बहुधा टर्मिनलचा किंवा टंकाचा असतो, पायथनचा नसतो. वरचा बाण दाबल्यावर मागील ओळीऐवजी विचित्र चिन्हे उमटत असतील, तर इंटरप्रिटर बहुधा रीडलाइन या ग्रंथालयाविना बांधलेला असतो. तक्रार बांधणाऱ्याकडे जावी. वितरणाने केलेल्या बदलांची तक्रार त्या वितरणाकडेच नोंदवायची असते.

मूळ इंटरप्रिटरविषयीची नोंद एप्रिल २०२२ पासून गिटहबवर होते. आवृत्ती, लिनक्सचे वितरण, भाषाव्यवस्था, दोष दाखवणारी शक्य तितकी छोटी संहिता, अपेक्षित आणि प्रत्यक्ष परिणाम एवढे दिल्यास तिचा विचार करणे सोपे जाते. भाषेच्या नियमांतच मोठा बदल हवा असेल तर पीईपी लिहावा लागतो. जुन्या संहितेला धक्का बसेल, या कारणाने चांगल्या सूचनाही नाकारल्या जातात.

मान्य झालेली सोयही वर्गात लगेच पोहोचत नाही. नवे गुण केवळ पुढील वार्षिक आवृत्तीत येतात आणि प्रयोगशाळांतील संगणक वितरणासोबतच्या आवृत्तीवर चालतात. उबुंटू २४.०४ सोबत ३.१२ ही आवृत्ती येते. तेथे ‘एक्झिट’ला अजूनही कंस लागतात.