मुक्काम कोठे करावा?

प्रवासाचा बेत ठरला की तिकिटांची चौकशी आधी सुरू होते. पाहावयाच्या स्थळांची यादी होते, बरोबर न्यावयाच्या सामानाचीही होते. मात्र 'उतरायचे कोठे?' हा प्रश्न बहुधा मागे राहतो आणि गावात पोचल्यावर जी खोली मिळेल ती घेतली जाते. वास्तविक प्रवासातील विश्रांती, सुरक्षितता, वेळ आणि खर्च या चारही गोष्टी मुक्कामाच्या जागेवर अवलंबून असतात. ही निवड विचारपूर्वक कशी करावी, हे आपण नंजनगूड या तीर्थक्षेत्राच्या उदाहरणाने समजून घेऊ.

नंजनगूड हे गाव कर्नाटकातील म्हैसूर शहराच्या दक्षिणेस सुमारे २३ किलोमीटर अंतरावर, कपिला ऊर्फ कबिनी नदीच्या काठी वसले आहे. येथे श्रीकंठेश्वराचे विशाल मंदिर आहे. कन्नड भाषेत 'नंजु' म्हणजे विष. विष प्राशन करणारा तो 'नंजुंड'. मराठी माणूस ज्याला नीळकंठ म्हणतो, तेच हे दैवत. दक्षिणेच्या यात्रेस निघालेली अनेक मराठी कुटुंबे म्हैसूरचा राजवाडा आणि चामुंडी टेकडी पाहून येथे येतात. काही जण येथून पुढे बंदीपूरच्या जंगलातून उटीकडे जातात. अशा वेळी मुक्काम नंजनगुडात करावा की म्हैसुरात, असा प्रश्न पडतो.

याचे उत्तर प्रथम प्रवासाच्या उद्देशात शोधावे. केवळ देवदर्शन घेऊन परतावयाचे असेल, तर म्हैसुरात राहणे सोयीचे. तेथून नंजनगुडास बस आणि रेल्वे दोन्ही जातात व अर्ध्या दिवसात दर्शन होऊ शकते. शिवाय म्हैसुरात सर्व प्रकारच्या दरांची निवासस्थाने आहेत. परंतु पहाटे नदीवर स्नान करून पूजेला बसावयाचे असेल, तर मुक्काम नंजनगुडातच हवा. मार्च-एप्रिलच्या सुमारास येथे 'दोड्ड जात्रे' म्हणजे मोठी यात्रा भरते आणि पाच रथ ओढले जातात. त्या दिवशी रस्ते भाविकांनी फुलून जातात. बाहेरून ऐनवेळी येणाऱ्याची धावपळ होते. यात्रेच्या काळात नंजनगुडात आणि दसऱ्याच्या काळात म्हैसुरात खोल्या लवकर भरतात. म्हणून आधी नोंदणी करणे हिताचे ठरते.

पूर्वी यात्रेकरू देवळाच्या ओवऱ्यांत, धर्मशाळांत किंवा राजेरजवाड्यांनी व दानशूरांनी बांधलेल्या छत्रांत उतरत असत. म्हैसुरातील नंजराज बहादूर छत्र ही अशीच एक जुनी वास्तू असून आज तेथे प्रदर्शने भरतात. आता तीर्थक्षेत्री देवस्थानांची व मठांची यात्रीनिवासे आणि खाजगी लॉज असे दोन मुख्य पर्याय असतात. यात्रीनिवासाचे भाडे बहुधा कमी असते व देऊळही जवळ असते. परंतु रात्री दरवाजा ठरावीक वेळी बंद होणे, गरम पाणी सकाळीच मिळणे, एकट्या माणसाला खोली न देणे असे नियम तेथे असू शकतात. लॉजमध्ये मोकळीक अधिक, पण स्वच्छता आणि दर यांत मोठा फरक आढळतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी खोली, न्हाणीघर आणि दाराची कडी स्वतः पाहावी.

यानंतर सोबतच्या माणसांचा विचार करावा. एखाद्या कुटुंबात गुडघे दुखणाऱ्या आजी आहेत असे समजा. नंजुंडेश्वराचे दर्शन ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा आहे. स्वस्त मिळाली म्हणून तिसऱ्या मजल्यावरची खोली घेतली आणि लिफ्ट नसली, तर दोनदा जिने चढून त्या थकतील. मग मंदिराच्या दगडी प्रांगणात अनवाणी चालणे त्यांना जमणार नाही. ज्यांच्यासाठी प्रवास केला, त्याच खोलीत बसून राहतील! तळमजल्यावरची खोली व कमोडची सोय असेल, तर त्यांचे दर्शन सुखाने होईल. खोली निवडताना सोबतच्या सर्वांत अशक्त माणसाची सोय प्रमाण मानावी.

खर्चाचा हिशेबही पूर्ण करावा. समजा, देवळाजवळच्या खोलीचे भाडे १,२०० रुपये आहे आणि दूरच्या खोलीचे ९०० रुपये. दूरच्या खोलीतून रिक्षाच्या चार फेऱ्या १०० रुपयांप्रमाणे झाल्या, तर एकूण खर्च १,३०० रुपये होतो. वरवर स्वस्त दिसणारी खोली अशी महाग पडते. काही ठिकाणी खोली २४ तासांसाठी मिळते, तर काही ठिकाणी दुपारी १२ वाजता सोडावी लागते. दुसऱ्या प्रकारात पहाटे पोचणाऱ्यास काही तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे पडू शकते. यासाठी भाडे करासहित आहे काय, हे विचारून पावती घ्यावी.

ऋतू आणि रस्ता यांकडेही दुर्लक्ष करू नये. २०१८ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कपिलेला पूर आला, तेव्हा म्हैसूर-नंजनगूड रस्त्यावरची वाहतूक खंडित झाली होती. पावसाळ्यात नदीकाठची जागा घेण्यापूर्वी पाण्याची स्थिती विचारावी व प्रवासात एक दिवस राखून ठेवावा. उटीकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी बंदीपूरच्या जंगलातून रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत सर्वसाधारण वाहनांना बंदी आहे. दर्शनास संध्याकाळ झाली, तर त्या रात्री नंजनगुडातच राहून सकाळी निघणे उचित.

परभाषिक गावात चौकशीचा संकोच वाटतो. पण मोजके शब्दही पुरतात. 'रूम इदेया?' म्हणजे खोली आहे का, 'बाडिगे एष्टु?' म्हणजे भाडे किती आणि 'बिसिनीरु' म्हणजे गरम पाणी. ओळखपत्र जवळ ठेवावे आणि निवासाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक कुटुंबातील प्रत्येकाजवळ लिहून द्यावा. गर्दीत चुकामूक झाल्यास त्याचाच आधार होतो.

आपण कशासाठी चाललो आहोत, सोबत कोण आहे, ऋतू कोणता आहे आणि एकूण खर्च किती होईल, हे चार प्रश्न घरीच सोडवले, तर परक्या गावी सामान घेऊन दारोदार हिंडावे लागत नाही. मग गावात पोचल्यावर उरलेला वेळ आणि शक्ती ज्या कामासाठी आलो, त्यासाठी वापरता येते.