बातमीचे वय

सकाळची भाकरी संध्याकाळी शिळी होते. बातमीचंही तसंच आहे. बातमी खरी असली, तरी ती शिळी होते. आणि शिळ्या बातमीवर विसंबणारा माणूस फसतो.

मुंबईचं उदाहरण घेऊ. दादर आणि परळ यांच्यामध्ये हिंदमाता नावाचा भाग आहे. तिथली जमीन सखल. पाऊस जोराचा झाला, की तिथे पाणी तुंबतं. त्यात समुद्राला भरती असली, तर पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही. लालबागहून दादरला पायी निघालेल्या माणसाला एवढंच हवं असतं, की हिंदमाताला आत्ता पाणी किती आहे?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत मोठा पूर आला. शेकडो माणसं दगावली. वेधशाळेत दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात. त्या हिशेबाने कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस झाला आणि सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर! एकाच शहरात केवढा हा फरक! असा आकडा नोंदवहीला चांगला. पण संध्याकाळी पाण्यात अडकलेल्याला दुसऱ्या सकाळचा आकडा काय कामाचा? पुढे महानगरपालिकेने जागोजागी आपोआप पाऊस मोजणारी यंत्रे बसवली. ती दर पंधरा मिनिटांनी आकडा देतात.

मग कोणी विचारील, दर मिनिटाला बातमी का पाठवू नये? पाहा, काय होते ते. समजा, हिंदमाताला एक माणूस उभा आहे. तो दर मिनिटाला पाण्याची बातमी पाठवतो. कचेरीतल्या माणसाला एक बातमी वाचून नोंदायला दोन मिनिटे लागतात. तासाभरात बातम्या आल्या साठ, वाचून झाल्या तीस. आता तो जी बातमी हातात घेईल, ती अर्ध्या तासापूर्वीची. बातम्या वाढल्या, पण कचेरीचं ज्ञान शिळंच राहिलं. फार थोड्या बातम्या पाठवणं वाईट, तसंच फार पाठवणंही वाईट. वाचणाऱ्याला झेपतील तेवढ्याच पाठवाव्यात. नाहीतर सर्वांत ताजी बातमी आधी वाचावी आणि मागच्या बाजूला ठेवाव्यात.

मात्र एक ध्यानात ठेवा. हा नियम पाण्याच्या मापाला लागू आहे. नवं माप आलं, की जुन्याचं काम संपतं. मदतीच्या हाकेचं तसं नाही. जुनी हाकही ऐकलीच पाहिजे. हाक मारणारा अजून तिथेच अडकलेला असेल.

आता आपल्या गावाकडे या. ओढ्याला पूर येतो. कोणी फोनवर लिहितो, "आत्ताच पुलावर पाणी आलंय." ती बातमी दहा जणांकडे फिरते आणि रात्री आपल्यापर्यंत येते. तरी तिच्यात "आत्ताच" हा शब्द असतोच! म्हणून आम्ही सांगतो, "आत्ताच" लिहू नका. असं लिहा: "मंगळवार, सकाळी दहा वाजता, ओढ्याच्या पुलावर गुडघाभर पाणी होते. मी स्वतः पाहिले."

बातमी आपल्याला कधी मिळाली, त्यावरून तिचं वय मोजू नका. ती डोळ्यांनी कधी पाहिली, तिथून मोजा. वार आणि वेळ नसेल, तर आधी विचारा, मगच पाण्यात पाय टाका.