वैशाखातला गळ, मृगातला मासा

वळवाचा एक चांगला पाऊस पडून गेला की आमच्या गुंजी भागातल्या माणसांच्या बोलण्यात दोनच विषय उरतात. एक धूळवाफ पेरणीचा, दुसरा माशांचा. खानापूर आणि लोंढा यांच्या मधला हा मुलूख. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा खानापूरवरून पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि लोंढ्याकडची पांढरी नदी काळीला मिळून पश्चिमेच्या समुद्राकडे वळते. दोन समुद्रांना पाणी देणाऱ्या या पट्ट्यात मासा हा काही चैनीचा पदार्थ नव्हे. भात, माशाचे कालवण आणि वर आमसुलाची सोलकढी, एवढ्यावर इथली पिढ्यान्पिढ्यांची जेवणे झालेली आहेत.

गळ की गाळ?

आपल्या दुभाषी घरांत मासेमारीचे शब्द मोठी गंमत करतात. मराठीत ज्याला गळ म्हणतात त्यालाच कन्नडमध्ये 'गाळ' म्हणतात. मराठी माणूस गाळ म्हटल्यावर धरणातला चिखल समजतो आणि कन्नड माणूस काठी उचलून चालू लागतो! मासा म्हणजे मीनु, जाळे म्हणजे बले, तळे म्हणजे केरे आणि आमिषाचे गांडूळ म्हणजे एरेहुळू. पाण्याच्या काठावर मात्र भाषेचा वाद कधी होत नाही. 'मीन सिक्कावेन्री?' असे कोणी विचारले तर 'इन्नू इल्ल अण्णा, बघू' असे अर्धे कन्नड अर्धे मराठी उत्तर येते. गळ टाकून बसलेल्या माणसाला दोन्ही भाषांत गप्प बसणेच जास्त आवडते हेही खरे.

धरणातले दिवस

गळाने मासे धरायचा आपल्याकडचा खरा हंगाम चैत्र-वैशाख. हुक्केरी तालुक्यातले घटप्रभेवरचे हिडकल धरण, सौंदत्तीजवळ मलप्रभेवरचे नविलुतीर्थ धरण आणि गणेशगुडीला काळी नदीवरचे सुपा धरण ही आपल्या आसपासची मोठी पाणी. उन्हाळ्यात पाणी उतरते आणि पसरलेले मासे उरलेल्या पाण्यात एकवटतात. हिडकलच्या जलाशयात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर याच दिवसांत पाण्याबाहेर दिसू लागते. मंदिराचा दगड दिसला की गळकऱ्यांनी समजावे, आपले दिवस आले.

वेळ पहाटेची किंवा दिवस मावळतीची. उन्हे वर आली की काठाचे पाणी तापते आणि मोठा मासा खोल जातो. कोणत्या माशाला कोणत्या थरात गाठायचे हे त्याच्या तोंडावरून कळते. कटल्याचे तोंड वर वळलेले, म्हणून तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या पाण्यात आणि मृगळ तळाला. या तिघांना कणकेची किंवा पेंडीची गोळी चालते. वामेला रात्रीची वेळ, तळ आणि गांडूळ लागते. मरळ मात्र शिकारी जात. पाणवनस्पतीच्या कडेला ती दबा धरून असते. तिच्यासाठी जुने लोक गळाला बेडूक लावून तो पाण्यावर नाचवत नेतात. हाताला सारखा हलका झटका देत राहावे लागते. बेडूक थांबला की मरळही थांबते.

दुसरी रीत हरिगोलातली. एकाने वल्हे मारायचे आणि दुसऱ्याने तंगूस मागे सोडून आमिष संथ ओढत न्यायचे. हरिगोल गोल असल्याने सरळ जातच नाही. वल्हेवाला कसलेला नसेल तर तंगूस आपल्याच काठीला गुंडाळला जातो.

सातासमुद्रापार तीच रीत

माझा एक भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. तिथे वॉलआय नावाचा मासा लोकांचा जीव की प्राण. १९६५ पासून तो त्या राज्याचा अधिकृत मासा आहे. त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा पडदा असतो. त्यामुळे त्याला अंधुक उजेडात छान दिसते आणि तोही पहाटे व संध्याकाळीच खाण्याला बाहेर पडतो. त्याला धरायच्या दोन रीती भाच्याने सांगितल्या तेव्हा मला हसूच आले. एक म्हणजे बोट हळू चालवत आमिष मागे ओढायचे, दुसरी म्हणजे शिसे लावलेला गळ तळाशी वरखाली नाचवायचा. म्हणजे आपला हरिगोल आणि आपला बेडूकच की!

पण त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी होती. तिथे बर्फ वितळल्यावर, वसंताच्या सुरुवातीला वॉलआय काठाच्या खडकाळ उथळ पाण्यात अंडी घालायला येतो. तेव्हा तो सहज सापडेल, पण नेमकी तेव्हाच त्याला धरायला बंदी असते. फेब्रुवारीअखेर बंद झालेला हंगाम मेच्या मध्यावर उघडतो. मासा अंडी टाकून मोकळा झाला, मग गळ.

चढणीचा मासा

आपल्याकडे नेमके उलटे घडते. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे गढूळ होऊन वाहू लागले की नदीतले मासे प्रवाहाच्या विरुद्ध चढू लागतात. ओढ्यातून नाल्यात, नाल्यातून भाताच्या खाचरात. हे चढणीचे मासे. मलनाडात यांना 'हत्तु मीनु' म्हणतात. हत्तु म्हणजे चढणे, आणि हत्तु म्हणजे दहासुद्धा. कंदील, बॅटरी, काठ्या, जाळी आणि बांबूचे सापळे घेऊन सारा गाव त्या रात्री पाण्यात उतरतो. पोरांना तर तो सणच. त्या रात्रीची मजा मी नाकारत नाही. पण त्या टोपलीतली मादी चिरली की पोट गाभोळीने गच्च भरलेले निघते. रोहूच्या मादीत एका किलो वजनामागे दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. त्यातली बरीच वाया जातात हे खरे, पण आपण मूळच उपटले तर उरणार काय?

कोणी म्हणेल, धरणात सरकार पिल्ले सोडतेच की. सोडते, पण त्याला कारण आहे. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेकडचे मासे. अंडी घालायला त्यांना पुराचे वाहते पाणी लागते, साठलेल्या तळ्यात ते वीत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात या जातींना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावले आणि त्यानंतर बोटुकली तयार करणे सोपे झाले. तो दिवस १० जुलै, आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पण आपल्या ओढ्यांतल्या गावठी माशांची पिल्ले अशी गाडीतून येत नाहीत. त्यांची पैदास चढणीवरच होते.

या गावठी माशांशी आपल्या भाषेचेही नाते आहे. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा इथल्या महसीर माशाच्या शास्त्रीय नावात त्याने 'खुद्री' हा इथल्याच लोकांच्या तोंडचा शब्द ठेवला. जगभरच्या पुस्तकांत तो आजही आहे. शब्द पुस्तकात राहून मासा ओढ्यातून गेला तर काय उपयोग? लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास चालवली, तेव्हा कुठे नद्यांत सोडायला पिल्ले मिळू लागली.

एवढे केले तरी पुरे

समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ती कारवारपासून रत्नागिरीपर्यंत पाळली जाते. ओढ्यासाठी गावाने स्वतःच नियम करावा. पहिल्या पुराचे चार-पाच दिवस सापळा लावायचा नाही. ओढा पूर्ण अडवायचा नाही, एका बाजूने वाट मोकळी ठेवायची. पोट फुगलेली मादी हाताला लागली तर परत सोडायची. मरळीच्या जोडीसोबत लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर गळ गुंडाळायचा, कारण राखण करणारे आईबाप गेले की पिल्ले इतर मासे फस्त करतात. सुरुंग आणि विष यांना तर १८९७ च्या कायद्यानेच मनाई केली होती. आता ब्लिचिंग पावडर आणि विजेचा करंट आला आहे. त्यात मासा मरतो, गुरांचे पाणी नासते आणि कधी माणूसही जातो. धरणावर जाणाऱ्यांनी तिथल्या मासेमारीचा ठेका किंवा हक्क कोणाकडे आहे ते विचारून, परवानगी घेऊनच गळ टाकावा.

मुलांना वैशाखात जरूर घेऊन जा. गळ बांधायला, गप्प बसायला आणि दोन्ही भाषांत माशांची नावे घ्यायला शिकवा. आणि मृगात त्यांना ओढ्याच्या काठावर उभे करून चढणीचा मासा नुसता दाखवा. तो पाण्याच्या लोंढ्याला तोंड देत उडी मारतो, पडतो, पुन्हा मारतो. त्याला वर जाऊ दिले, तर पुढच्या वैशाखात आपल्या गळाला काहीतरी लागेल.