थंडी, सायकल आणि हातमोजे

युरोपच्या उत्तरेला फिनलंड नावाचा देश आहे. त्या देशात ओउलू हे शहर आहे. आर्क्टिक वृत्त तेथून सुमारे १७० किलोमीटर अंतरावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस ओउलूत दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो. रस्त्यांवर बर्फ साचलेले असते. अनेक दिवस पारा उणे १० अंश सेल्सिअसच्याही खाली असतो. अशा थंडीत माणसे घराबाहेर पडत नसतील, असे आपल्याला वाटेल. पण ओउलूतील कितीतरी लोक भर हिवाळ्यातही सायकल चालवतात. मुले सायकलवरूनच शाळेत जातात. २०१३ साली हिवाळ्यातील सायकल-प्रवासाचा विचार करणारी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद याच शहरात भरली होती.

या मुलांच्या अंगावर जाड कोट असतो, डोक्यावर लोकरीची टोपी असते आणि हातांत हातमोजे असतात. उर्दूत ज्यांना आपण दस्ताने म्हणतो, त्यांनाच मराठीत हातमोजे म्हणतात. ‘दस्त’ हा शब्द फारसी आहे आणि ‘मोजा’ हा शब्दही फारसीतूनच मराठीत आला आहे. कोट जाड असला की काम भागते. हातमोज्यांचे मात्र तसे नाही. ते निवडताना बराच विचार करावा लागतो. असे का, ते आपण पाहू.

थंडी सर्वांत आधी बोटांना जाणवते. बाहेर थंडी वाढली की आपले शरीर हृदय, फुप्फुसे अशा महत्त्वाच्या अवयवांची ऊब राखू लागते. त्यासाठी हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बोटांकडे जाणारे गरम रक्त कमी होते. शिवाय बोटे बारीक आणि लांब असतात. त्यामुळे त्यांतील उष्णता लवकर बाहेर जाते. पायी चालणारा माणूस हात खिशात घालू शकतो. सायकल चालवणाऱ्याला ते शक्य नसते. त्याचे हात सतत हँडलवर, वाऱ्याच्या समोर असतात.

वाऱ्यामुळे थंडी अधिक का वाटते? आपल्या त्वचेजवळ हवेचा एक पातळ, उबदार थर असतो. वारा हा थर उडवून नेतो आणि त्याच्या जागी थंड हवा आणून सोडतो. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९४१ साली अंटार्क्टिकावर याबाबत प्रयोग केले. निरनिराळ्या वेगाच्या वाऱ्यात पाणी गोठायला किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजले. वारा जितका जोराचा, तितके पाणी लवकर गोठे. आज वापरात असलेल्या सूत्रानुसार तापमान उणे १० अंश असेल आणि वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला उणे १८ अंशांइतकी थंडी जाणवते. हवा अगदी शांत असली, तरी सायकलस्वार स्वतःच्या वेगामुळे समोरून वारा ओढवून घेतो.

बोटे गारठली तर केवळ त्रासच होतो असे नाही. गारठलेली बोटे बधिर होतात आणि चटकन वळत नाहीत. समोर अचानक एखादे मूल आले, तर ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. बर्फाच्या निसरड्या रस्त्यावर क्षणभराचा उशीरही महागात पडतो. म्हणून सायकलच्या हातमोज्यांना दोन कामे करावी लागतात. त्यांनी हात उबदार ठेवायचे आणि बोटांना मोकळेपणाने हलूही द्यायचे. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात. हातमोजा जितका जाड, तितकी बोटे अवघडतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हातमोजा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. उष्णता आपल्या शरीराची असते. हातमोजा ती फक्त अडवून धरतो. लोकरीच्या धाग्यांमध्ये हवा अडकून राहते. ही स्थिर हवा उष्णतेला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून फार घट्ट हातमोजे घेऊ नयेत. घट्ट हातमोज्यात हवेला जागा उरत नाही आणि बोटांतील रक्तप्रवाहही कमी होतो. असा हातमोजा कितीही जाड असला, तरी बोटे गारच राहतात.

या उबेचा दुसरा मोठा शत्रू म्हणजे पाणी. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट सहज वाहून जाते. हातमोजा भिजला की धाग्यांमधील हवेची जागा पाणी घेते आणि हातांची ऊब भराभर निघून जाते. सुती हातमोजा पाणी चटकन शोषतो आणि अंगाला गार लागतो. लोकर थोडी वेगळी आहे. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषून घेते, तरी फारशी ओली लागत नाही. पण मुसळधार पावसात लोकरीचाही निभाव लागत नाही.

मग रबराचे हातमोजे घातले तर? त्यांत बाहेरचे पाणी शिरणार नाही, हे खरे. पण सायकल चालवताना हातांना घाम येतो. तो बाहेर पडू शकत नाही आणि हात आतूनच ओले होतात. या अडचणीवर एक उपाय सापडला. १९६९ साली अमेरिकेतील बॉब गोर यांनी टेफ्लॉन ज्या पदार्थापासून बनते, तो पदार्थ झटक्याने ताणून पाहिला. त्यापासून असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेला पातळ पडदा तयार झाला. ही छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान असतात. त्यामुळे थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. अशा प्रकारचा पडदा आज अनेक जलरोधक हातमोज्यांच्या आत बसवलेला असतो. तरीही खूप घाम आला, तर सगळीच वाफ बाहेर जाते असे नाही.

सर्व ठिकाणी एकच हातमोजा चालत नाही. नेदरलँड्स या देशात सायकली माणसांपेक्षाही जास्त आहेत. तेथील ॲमस्टरडॅम शहरात हिवाळ्यात पारा बहुधा शून्याच्या थोडा वर असतो आणि वारंवार पाऊस पडतो. तेथे जलरोधक हातमोजेच उपयोगी पडतात. ओउलूत कडाक्याच्या थंडीत पाऊस पडत नाही, कोरडे बर्फ पडते. ते झटकले की निघून जाते. तेथे पाणी अडवण्यापेक्षा ऊब राखणे आणि वारा अडवणे अधिक महत्त्वाचे असते. आत लोकरीचा पातळ हातमोजा आणि त्यावर वारा अडवणारा दुसरा हातमोजा, अशी जोडी तेथे चांगली ठरते.

हातमोज्यांच्या आकारातही फरक असतो. काहींत पाचही बोटे वेगळी असतात. काहींत अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटे एकाच पिशवीत असतात. एकत्र असलेली बोटे एकमेकांना ऊब देतात, म्हणून हे हातमोजे अधिक उबदार असतात. पण ते घालून ब्रेक आणि गिअर हाताळणे कठीण जाते. यावर मधला मार्ग म्हणून दोन-दोन बोटे एकत्र ठेवणारे हातमोजेही मिळतात. फार कडक थंडीत काही लोक हँडलवरच जाड कापडाच्या पिशव्या बसवतात. हात त्यांत घातले की वारा लागत नाही आणि आत पातळ हातमोजे असले तरी चालते.

हातमोजे विकत घेताना ते हातांत घालून पाहावेत. मूठ वळवून पाहावी. सायकलचा ब्रेक दाबून पाहावा. बोटांच्या टोकाशी थोडी जागा उरली पाहिजे. मनगटाची बाजू लांब असावी, म्हणजे बाही आणि हातमोजा यांच्यामधून वारा शिरत नाही. पावसात कोटाची बाही हातमोज्याच्या वर असावी. नाहीतर बाहीवरून ओघळणारे पाणी सरळ हातमोज्यात उतरते. तळव्याचा भाग खरखरीत असावा, म्हणजे ओले हँडल निसटत नाही. अंधारात चमकणारी पट्टी असेल, तर हात दाखवून वळताना मागच्या गाडीवाल्याला तो दिसतो. भिजलेले हातमोजे विस्तवाजवळ वाळवू नयेत. त्यांत वर्तमानपत्राचे कागद भरून ते मोकळ्या हवेत ठेवावेत.

आपल्या महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. पण नाशिक जिल्ह्यातील निफाड भागात हिवाळ्यातील काही पहाटे पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे कोणी दूध घालायला, तर कोणी वर्तमानपत्रे टाकायला सायकलवरून निघतो. आपला हिवाळा कोरडा असतो. त्यामुळे येथे महागड्या जलरोधक हातमोज्यांची गरज नाही. वारा अडवणारे, बोटे मोकळी ठेवणारे लोकरीचे साधे हातमोजे पुरेसे आहेत.

हे सारे तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. एका आकाराच्या तीन बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरा. पहिल्या बाटलीभोवती कोरडे लोकरीचे कापड गुंडाळा. दुसरीभोवती तसेच कापड ओले करून गुंडाळा. तिसरी उघडीच ठेवा. तिन्ही बाटल्या पंख्यासमोर ठेवा आणि अर्ध्या तासाने त्यांतील पाण्याला बोट लावून पाहा. कोणते पाणी सर्वांत कोमट राहिले आणि का, ते आपल्या वहीत लिहा. मग पहाटे सायकलवरून दूध आणणाऱ्या माणसाच्या हातांकडे एकदा नीट पाहा. त्या हातांना कशाची गरज आहे, हे तुम्हांला सांगता येईल.